रथसप्तमी झाली की या

चेन्नई,
दसऱ्यानंतरचा रविवार

ती. आई-बाबांना,
साष्टांग नमस्कार.

बाबा म्हणतात दिवाळीला येतो, नाहीतर सरळ मे महिन्यात, नातवाला सुट्टी असते तेव्हा. तुम्ही यावं असं मला किती वाटतं ते वेगळं सांगायला नको. पण या दोन्ही वेळा नकोत. फोनवर हे धड बोलून होत नाही, मधेच कुकरची शिट्टी होते नाहीतर शेजारच्या काकू येतात, म्हणून लिहायला बसले.

आधी दिवाळीचं. आपल्याकडे दसरा झाला की छत्र्या माळ्यावर जातात. इथे त्या तेव्हा खाली निघतात. जूनमध्ये अरबी समुद्रावरून येणारा वारा आपलं सगळं पाणी घाटावरच ओततो. गगनबावड्याला धुवाधार, कोल्हापुरात बेताचा, आणि पुढे जतकडे गेलं की कोरडं, हे बाबांनी नोकरीच्या दिवसांत एसटीच्या खिडकीतून कितीदा बघितलंय. आम्ही त्याच सह्याद्रीच्या पार पलीकडे, पूर्व किनाऱ्यावर. तुमच्याकडे आषाढाची झड लागलेली असते तेव्हा इथे संध्याकाळी एखादी गडगडाटी सर येऊन जाते, तेवढंच. ऑक्टोबरात वारा फिरतो. मग तो ईशान्येकडून, बंगालच्या उपसागरावरून पाणी उचलून येतो आणि ते आमच्या किनाऱ्यावर टाकतो. इथे वर्षाला साधारण 1400 मिलिमीटर पाऊस होतो, त्यातला निम्म्याहून जास्त ऑक्टोबर ते डिसेंबर या तीन महिन्यांत पडतो. नोव्हेंबर सगळ्यात वाईट.

बाबा म्हणणार, पंचगंगेच्या काठी जन्म गेला, पावसाला काय भ्यायचं! पण बाबा, आपला पूर वेगळा. राजाराम बंधाऱ्यावर पाणी 39 फुटांवर गेलं की इशारा, 43 ला धोका, आणि मधले आकडे सगळं गाव तासातासाला विचारत असतं. 2019 आणि 2021 सारखी वर्षं सोडली तर सामान वर चढवायला, म्हाताऱ्या माणसांना हलवायला सवड मिळते. चेन्नई समुद्राच्या पातळीला लागून, सपाट. पाण्याला उतार नाही, आणि ऐन पावसात भरती असली तर नद्यानाल्यांचं पाणी समुद्र आत घेत नाही. उपसागरात कमी दाबाचा पट्टा झाला की एका रात्रीत गल्लीत गुडघाभर पाणी उभं राहतं. 2015 च्या डिसेंबरात अड्यार नदी फुगली तेव्हा विमानतळसुद्धा काही दिवस बंद होता. 2023 च्या डिसेंबरात मिचाँग वादळात पुन्हा शहर पाण्यात. अशा वेळी वीज जाते, लिफ्ट बंद पडते, आणि आम्ही तिसऱ्या मजल्यावर. आईचे गुडघे आठवले की मला पुढचा विचारच करवत नाही.

आता मे. आकडे बघून फसू नका. कोल्हापुरातही मे महिन्यात पारा 37-38 ला टेकतो, इथेही साधारण तेवढाच. पण आपल्याकडे रात्री गच्चीवर वारा सुटतो, पहाटे पांघरूण ओढावं लागतं. इथे रात्रीसुद्धा पारा 28 च्या आसपास अडकून राहतो, आणि हवा दमट. घाम येतो पण वाळत नाही, आणि घाम वाळल्याशिवाय अंग गार होत नाही. मनगटावरचं घड्याळ काढलं की पट्ट्याखाली पाणी साचलेलं असतं. 4 मे ते 28 मे या दिवसांना इथले लोक अग्नी नक्षत्रम म्हणतात, बोलताना कत्तिरी म्हणतात, आणि त्या दिवसांत घरातल्या वडीलधाऱ्यांना दुपारी बाहेर पाठवत नाहीत. दुपारी समुद्रावरून वारा आला तर जीव वाचतो. पण पश्चिमेकडचा जमिनीवरचा वारा जोरात असला की तो समुद्रवाऱ्याला आत येऊ देत नाही, मग पारा चाळिशी ओलांडतो. 31 मे 2003 ला तर इथे 45 अंशांची नोंद झाली.

वय झालं की तहान लागल्याचं लवकर कळत नाही. बाबांच्या बीपीच्या गोळ्यांत एक लघवी जास्त करणारी आहे. उन्हाळ्यात तिचं काय करायचं ते डॉक्टरांना विचाराच, मनाने काही कमी-जास्त करू नका. मी इतकी मागे का लागलेय ते तुम्हाला कळेल.

तर या कधी? आईचं हळदीकुंकू संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत चालतं, ते सोडून ती येणार नाही हे मला माहीत आहे. म्हणून रथसप्तमी झाली की निघा. फेब्रुवारी इथला सगळ्यात चांगला महिना. पाऊस जवळजवळ नाही, दिवसा 30-31, पहाटे 21-22. आईला स्वेटर लागणार नाही, साधी शाल पुरे. सकाळी साडेसहाला मी तुम्हाला बेझंट नगरच्या किनाऱ्यावर नेणार आहे. मालवणला आपण सूर्य समुद्रात मावळताना बघितला, इथे तो समुद्रातून वर येतो. आधी पाण्याच्या कडेला तांबूस रेघ, मग मासे धरून परतणाऱ्या होड्या काळ्या दिसायला लागतात, आणि एकदम उजेड. बाबा, पाण्यात मात्र उतरायचं नाही, आतली ओढ फार आहे. तिथेच, वाळूला लागून अष्टलक्ष्मीचं देऊळ आहे. अंबाबाईच्या गावातली माणसं तिथे दर्शनाला गेली नाहीत तर कसं चालेल!

येताना हरिप्रिया पकडा. मिरज, बेळगाव, हुबळी करत दुसऱ्या दिवशी सकाळी तिरुपती. नवरात्रात तिरुपतीहून अंबाबाईला शालू येतो, तर आपणही जाऊन बालाजीचं दर्शन घेऊ. मी तिथे येऊन थांबते. खुद्द रथसप्तमीला तिरुमलावर फार गर्दी असते, म्हणून दोन-चार दिवस सोडून जाऊ. डोंगरावर गारठा असतो, कानटोपी तेवढी घ्या. दर्शन झालं की गाडी करून तीन-साडेतीन तासांत घरी.

सामान थोडंच आणा. कांदा-लसूण चटणी काचेच्या बरणीत घट्ट झाकण लावून भरा, पिशवीत दिली तर या हवेत तिचा गोळा होतो. गुऱ्हाळावरचा नवा गूळ मिळाला तर एकच लहान ढेप, जास्त आणलात तर पाझरतो. काकवी मात्र आणाच. बाबांचे कडक इस्त्रीचे सदरे घरीच ठेवा, सुती सैल घ्या.

रंगपंचमीपर्यंत रहा. मार्चमध्ये ऊन हळूहळू चढायला लागतं, आणि पाडव्याची गुढी तर तुम्हाला आपल्या दारात उभारायची असणार. शिवाय चैत्रात जोतिबाची यात्रा, बाबा ती चुकवणार नाहीत.

नातवाची सुट्टी वाया जाणार नाही. मे महिन्यात आम्हीच कोल्हापूरला येतो. त्याने वळवाचा पाऊस अजून नीट बघितलेला नाही. दुपारी ढग दाटून येतात, धूळ उडते, टपोरे थेंब पडतात आणि तासाभरात सगळं गार, हे त्याला रंकाळ्यावर उभं करून बाबांनी दाखवायचं आहे.

गाडीचं आरक्षण 60 दिवस आधी उघडतं. पंचांगात रथसप्तमीची तारीख बघून आईने मला आठवड्यात कळवावं, तिकिटं मी इथून काढते. खालचा बर्थ दोघांनाही मिळेल असं बघते.

तुमची,
सुमी