पहिल्या बाकाचा निकाल कधी लावणार? विधानसभा अध्यक्षांना खुले पत्र

प्रति,
मा. श्री. राहुल नार्वेकर,
अध्यक्ष, महाराष्ट्र विधानसभा,
विधान भवन, मुंबई.

डिसेंबर २०२५

विषय : विधानसभेचे विरोधी पक्षनेतेपद रिक्त असल्याबाबत.

महोदय,
स.न.वि.वि.

२३ नोव्हेंबर २०२४ ला मतमोजणी झाली, महायुतीला २३० जागा मिळाल्या. आपण कुलाब्यातून पुन्हा निवडून आलात. ५ डिसेंबरला आझाद मैदानावर शपथविधी झाला आणि ९ डिसेंबरला आपली अध्यक्षपदी बिनविरोध निवड झाली, म्हणजे विरोधकांनीही आपल्यासमोर उमेदवार दिला नाही. सगळं कसं झटपट. राहिलं ते एकच. अध्यक्षांच्या डाव्या हाताला पहिल्या बाकावर बसणारा विरोधी पक्षनेता. वर्ष उलटलं. अर्थसंकल्पी अधिवेशन झालं, पावसाळी झालं, आता पुन्हा नागपूरचं हिवाळी अधिवेशन आलं, तरी ते पद रिकामंच.

मी कुठल्या पक्षाचा कार्यकर्ता नाही. माझं मत कुणाला गेलं हे सांगण्याचंही कारण नाही. निकाल मला मान्य आहे. भाजप १३२, शिंदे यांची शिवसेना ५७, अजित पवारांची राष्ट्रवादी ४१. समोर ठाकरेंची शिवसेना २०, काँग्रेस १६, शरद पवारांची राष्ट्रवादी १०. पाच महिन्यांपूर्वी लोकसभेला ज्या आघाडीनं ४८ पैकी ३० जागा घेतल्या होत्या, तिनं विधानसभेला सपाटून मार खाल्ला. संगमनेरात बाळासाहेब थोरात पडले, कराड दक्षिणेत पृथ्वीराज चव्हाण पडले, साकोलीत नाना पटोले कसेबसे २०८ मतांनी वाचले. जागावाटपाची भांडणं अर्ज भरायची मुदत संपत आली तरी मिटत नव्हती, त्याचं फळ मिळालं.

मतांचे आकडे पाहिले की मात्र चित्र जरा बदलतं. महायुतीच्या तीन पक्षांना मिळून सुमारे ४८ टक्के मतं, आघाडीच्या तिघांना सुमारे ३४ टक्के. शरद पवारांच्या पक्षानं ८६ जागा लढवून ११.२८ टक्के मतं घेतली आणि १० आमदार आणले. अजित पवारांच्या पक्षानं ५९ जागा लढवून ९.०१ टक्के मतं घेतली आणि ४१ आणले. पद्धतच अशी आहे, त्यावर रडण्यात अर्थ नाही. सरकार चालवायचा कौल महायुतीला मिळाला, निर्विवाद मिळाला. पण ज्यांनी मतदान केलं त्यांतल्या तिघांपैकी एकानं आघाडीला मत दिलंय. तो माणूस २३ नोव्हेंबरला राज्य सोडून कुठं गेलेला नाही.

आता अडलंय कुठं? तर म्हणे दहा टक्क्यांवर. २८८ च्या एक दशांश म्हणजे २९ आमदार हवेत आणि तेवढे एकाही विरोधी पक्षाकडे नाहीत. टीव्हीवरच्या चर्चांत हा आकडा इतक्यांदा ऐकवला गेला की तो घटनेतच लिहिलेला असावा असं लोकांना वाटायला लागलंय. घटनेत तो नाही. दादासाहेब मावळंकर पहिल्या लोकसभेचे अध्यक्ष होते. सभागृहात ‘पक्ष’ म्हणून कुणाला मानायचं, हे ठरवण्यासाठी त्यांनी गणपूर्तीइतकं, म्हणजे एक दशांश, संख्याबळ धरलं. पुढं तोच आकडा विरोधी पक्षनेतेपदाला चिकटला.

आपल्या राज्याचा कायदा वेगळा आहे आणि तो १९७८ चा आहे. विधानमंडळातल्या विरोधी पक्षनेत्यांचं वेतन आणि भत्ते ठरवणारा. त्यातली व्याख्या साधी आहे : सरकारच्या विरोधात बसलेल्या पक्षांपैकी ज्याचं संख्याबळ सर्वांत जास्त त्याचा नेता, आणि अध्यक्षांनी ज्याला तशी मान्यता दिली तो. टक्केवारीचा उल्लेख नाही. आपण स्वतः वकील आहात, त्यामुळं ‘अध्यक्षांनी मान्यता दिली’ या शब्दांत आपल्याला किती मोकळीक आहे हे मी सांगायला नको. ती आहेच. पण मोकळीक दिलीय ती होय किंवा नाही म्हणण्यासाठी. वर्षभर काहीच न म्हणण्याचा अधिकार त्यात कुठून आला?

दाखला हवा असेल तर दिल्लीपर्यंत जायची गरज नाही. महाराष्ट्राच्या पहिल्या निवडणुकीत, १९६२ ला, २६४ पैकी २१५ जागा काँग्रेसच्या होत्या. शेतकरी कामगार पक्षाच्या १५. दहा टक्क्यांच्या जवळपासही नाहीत. तरी शेकापचे कृष्णराव धुळप विरोधी पक्षनेते झाले आणि दहा वर्षं राहिले. १९७२ तर आणखी पुढचं. काँग्रेस २७० पैकी २२२, म्हणजे प्रमाणात पाहिलं तर आज महायुतीकडं आहे त्याहून मोठं बहुमत, आणि तेही एकट्या पक्षाचं. शेकापकडं सात आमदार. होय, सात! आणि विरोधी पक्षनेते झाले दि. बा. पाटील, ज्यांचं नाव नवी मुंबईच्या विमानतळाला द्या म्हणून रायगड-ठाण्यातले भूमिपुत्र रस्त्यावर उतरले तेच ‘दिबा’. तो दुष्काळाचा काळ होता. मृणाल गोरे त्याच विधानसभेत होत्या. मूठभर विरोधकांनी त्या सभागृहात सरकारला कसं सळो की पळो करून सोडलं, ते आपल्याच विधानमंडळाच्या ग्रंथालयातल्या कार्यवाहीत छापलेलं आहे. सातजणांच्या पक्षाच्या नेत्याला मान्यता दिल्यानं त्या वेळच्या सरकारचं काही बिघडलं नाही. (शेकाप आज एका आमदारावर आलाय, सांगोल्याच्या. पण तो विषय वेगळा.)

दिल्लीचंच उदाहरण हवं असेल तर तेही आहे. २०१५ मध्ये तिथं ‘आप’ला ७० पैकी ६७ जागा मिळाल्या, भाजपला ३. अध्यक्ष ‘आप’चे होते, आणि तरी भाजपचे विजेंदर गुप्ता विरोधी पक्षनेते म्हणून बसले. तीनजणांचे नेते! त्या वेळी भाजपमधून कुणी दहा टक्क्यांचा नियम काढल्याचं माझ्या तरी ऐकण्यात नाही.

उलट बाजूचा दाखलाही सांगायला हवा. २०१४ मध्ये लोकसभेत काँग्रेसचे ४४ खासदार होते आणि सुमित्राताई महाजनांनी त्यांना हे पद नाकारलं. मला तो निर्णय पटला नव्हता. पण त्यांनी कायदेशीर सल्ला घेतला, मागची प्रथा तपासली आणि निवडणुकीनंतर काही महिन्यांतच नाही म्हणून सांगितलं. निर्णय झाला आणि विषय संपला.

आपल्याकडं तेवढंही झालेलं नाही.

कुणी म्हणेल, पद नसलं तर काय बिघडतं, आमदार बोलतातच की. बोलतात. पण विरोधी पक्षनेता उभा राहिला की अध्यक्ष त्याला बोलू देतात, मंत्र्याला बसून ऐकावं लागतं आणि अधिकारी त्याच्या पत्राला उत्तर देतात, कारण त्याला कॅबिनेट मंत्र्याचा दर्जा असतो. त्या खुर्चीत काय ताकद आहे हे सध्याच्या मुख्यमंत्र्यांइतकं कुणाला माहीत असणार? मार्च २०२१ मध्ये व्यापारी मनसुख हिरेन यांच्या मृत्यूचं प्रकरण देवेंद्र फडणवीसांनी सभागृहात लावून धरलं, पोलीस अधिकारी सचिन वाझेंचं नाव घेऊन कागद वाचले आणि सरकारला वाझेंची बदली करावी लागली. वर्षभरानं, मार्च २०२२ मध्ये, त्यांनी सव्वाशे तासांच्या चित्रीकरणाचा पेन ड्राइव्ह सभागृहात सादर केला. सत्ताधारी हैराण झाले होते. विरोधी पक्षनेत्याचं काम हेच आणि त्यांनी ते चोख केलं. आझाद मैदानावर त्या दिवशी शपथ घेणारे तिघेही या खुर्चीवर बसून आलेले होते : एकनाथ शिंदे २०१४ मध्ये थोडे दिवस, फडणवीस २०१९ ते २०२२ आणि त्यांच्यानंतर अजित पवार. ज्या शाळेतून तिघं पास होऊन बाहेर पडले तिला आता कुलूप.

आता त्या खुर्चीवरून काय विचारलं गेलं असतं ते पाहा. लाडक्या बहिणींना १,५०० चे २,१०० करू असं जाहीरनाम्यात होतं. त्यानंतर २०२५-२६ चा अर्थसंकल्प आला, योजनेसाठी ३६,००० कोटी ठेवले गेले, २,१०० चा पत्ता नाही. मग छाननी सुरू झाली, लाभार्थ्यांत पुरुषांची नावं निघाली, ई-केवायसीचा घोळ झाला. कर्जमाफीसाठी समिती नेमली आणि तारीख पडली पुढच्या वर्षीच्या ३० जूनची. हे प्रश्न विरोधी आमदार विचारत नाहीत असं नाही. एक जण लक्षवेधीत विचारतो, दुसरा औचित्याच्या मुद्द्यावर, तिसरा पायऱ्यांवर फलक धरून. एकानं धरून ठेवलेलं सूत्र कुठंच नाही. सरकारला ते सोयीचं आहे, हे मान्य करायला काय हरकत आहे?

आणि संशयाला तोंड फुटायची जागा सभागृहात नसली की तो गावच्या मैदानात येतो. माळशिरस तालुक्यातल्या मारकडवाडीत निकालानंतर दहाव्या दिवशी लोकांनी स्वतःच मतपत्रिका छापून फेरमतदान घ्यायचं ठरवलं. प्रशासनानं जमावबंदी लावली आणि ते थांबवलं. गंमत म्हणजे त्या मतदारसंघात शरद पवारांच्या पक्षाचाच उमेदवार निवडून आला होता. मतदान यंत्रात घोळ झाला असं मला वाटत नाही. पण पाच वाजता ५८.२२ टक्के मतदान आणि शेवटी ६६.०५ टक्के या आकड्यांवर लोक प्रश्न विचारत असतील, तर ते विधानसभेत विचारले जावेत आणि सरकारनं तिथंच त्यांना उत्तर द्यावं.

दोन आयोगांचं तेवढं सांगतो. राज्य मानवी हक्क आयोगाच्या नेमणुकांची शिफारस करणाऱ्या समितीत विधानसभेचा विरोधी पक्षनेता असतो, आपणही असता. माहिती आयुक्त निवडणाऱ्या समितीतही तो असतो. माहिती अधिकार कायद्यात तर स्पष्टच म्हटलंय की विरोधी पक्षनेत्याला मान्यता नसेल तर विरोधातल्या सर्वांत मोठ्या गटाचा नेता तो समजावा. म्हणजे हा कायदा करणाऱ्यांना संख्याबळाची अडचण येऊ शकते हे ठाऊक होतं आणि खुर्ची रिकामी राहू नये हेही कळत होतं.

विरोधकांची वकिली करायला मी बसलेलो नाही. निकालानंतर तीन महिने त्यांनी नावच दिलं नाही. ठाकरेंच्या शिवसेनेचे आमदार भास्कर जाधव यांच्या नावाचं पत्र आपल्याकडं आलं ते मार्च २०२५ मध्ये. जुलैत शहरी नक्षलवादाला आळा घालायचा म्हणून जनसुरक्षा विधेयक आलं. बाहेर त्यावर वर्षभर आरडाओरडा करणारे पक्ष विधानसभेत मंजुरीच्या वेळी मवाळ झाले आणि उभं राहून विरोध नोंदवला तो डहाणूचे माकपचे एकटे आमदार विनोद निकोले यांनी. अशा विरोधकांना पद दिलं तरी ते काय करणार, असं कुणी म्हटलं तर मला राग येत नाही. पण नालायकी हा निकष कायद्यात नाही. तसा असता तर दोन्ही बाजूंची बरीच बाकं रिकामी झाली असती.

विधान परिषदेत अंबादास दानवेंची मुदत ऑगस्टमध्ये संपली, त्यामुळं आता दोन्ही सभागृहांत विरोधी पक्षनेता नाही. तिथला निर्णय सभापती राम शिंदे यांनी घ्यायचा आहे, त्यांना वेगळं पत्र लिहीन.

आपल्याकडं मागणी एवढीच आहे. शिवसेनेच्या आमदारांच्या अपात्रतेचा निकाल आपण १० जानेवारी २०२४ ला कारणांसह वाचून दाखवलात. अनेकांना पटला नाही, पण कागद हातात आला आणि त्यावर पुढं वाद घालता आला. तसंच इथंही करा. मान्यता द्यायची असेल तर नागपूरच्या अधिवेशनातच सभागृहात घोषणा करा. द्यायची नसेल तर तसा आदेश काढा. कोणत्या नियमाखाली नाकारता ते त्यात लिहा, धुळपांचा आणि दिबांचा दाखला का चालत नाही ते लिहा, आणि तो आदेश विधानमंडळाच्या संकेतस्थळावर टाका. ज्यांना न्यायालयात जायचं असेल ते जातील. आज त्यांच्याकडं आव्हान द्यायलाही कागद नाही.

कळावे,

आपला,
कुलाब्याबाहेरचा एक मतदार