रक्तातली चरबी तपासायची आहे, जमेल तेवढे पैसे द्या

गावकरी मंडळी अन नागपूर-पुण्याला गेलेल्या पोरांनो, आरोग्य समितीकडून एक मागणं आहे. कापसाची वेचणी लागायच्या आधी एका रविवारी समाजमंदिरात १२० जणांचं लिपिड प्रोफाइल, म्हणजे रक्तातल्या चरबीची तपासणी, करायचं ठरलंय. १२० कोण, तर ज्यांच्याकडं स्वतःचं वावर नाही असे मजूर, सालदार अन त्यांच्या घरच्या बाया, वय तिशीच्या पुढं.

आता काही जण म्हणतीलच, काऊन बापा, कोलेस्टेरॉल तर खात्यापित्या घरची बिमारी, निंदणाला जाणाऱ्या बाईच्या अंगात चरबी कुठून येते. आम्हीपण असंच समजत होतो. मागच्या हंगामात आपल्याच गावचा एक सालदार, काडीसारखा माणूस, फवारणीचा पंप घेऊन धुऱ्यावर बसला तो उठलाच नाही. नंतर कागदपत्रासाठी रेशनकार्ड काढलं तर त्याच्या प्लास्टिकच्या कव्हरात डॉक्टरची चिठ्ठी निघाली, चार घड्या पडलेली, वर्षभर जुनी, ‘लिपिड, उपाशीपोटी’. गेलाच नव्हता तो. तालुक्याला जायचं म्हणजे दिवसाची मजुरी बुडते, एसटीचं भाडं, लॅबचे पैसे, अन रिपोर्ट आणायला उद्या पुन्हा चक्कर. चरबीनंच गेला असं आम्ही म्हणत नाही, तपासलंच नाही तर म्हणणार कसं? हे लिहिणारा मी मास्तर, माझ्या मोबाइलात माझे तीन वर्षांचे तीन रिपोर्ट पडलेत.

शहरात अन पैसेवाल्यांत कोलेस्टेरॉल वाढलेलं जास्त सापडतं हे खरं आहे. पण आयसीएमआरचा, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचा, २०१४ साली छापून आलेला अभ्यास पाहा, त्यात आपला महाराष्ट्रही होता, तपासलेल्या शंभरातल्या ७९ लोकांचा चरबीचा एखादा तरी आकडा बिघडलेला, अन ७२ जणांचं चांगलं कोलेस्टेरॉल म्हणजे एचडीएल कमी. रेशनवर माणशी ५ किलो धान्य येते, मग पोट भात-पोळीनंच भरते, वरण पातळ, डाळ महाग, ज्वारीची भाकर अन जवसाची चटणी आता सणासुदीला. जास्तीच्या भाताचं अन साखरेचं लिव्हरमध्ये ट्रायग्लिसराइड नावाची चरबी बनते, संध्याकाळच्या दारूनं अजून वाढते, तंबाखू-सुपारीच्या खर्र्याचं तर बोलूच नका. अन दुखत काहीच नाही, म्हणून कोणी जात नाही.

खर्च असा. लॅबवाला गावात येऊन एका माणसाचे २५० घेईन म्हणाला, म्हणजे ३०,००० झाले. ज्यांना डॉक्टर गोळी सुरू करतील त्यांच्यातल्या अडलेल्यांसाठी जनऔषधीतली वर्षभराची गोळी अन फेरतपासणीचं भाडं धरून अजून १५,०००. गोळी स्वस्त आहे हो, पण रोज घ्यावी लागते, महिना झाला की लोक सोडून देतात, तिथं आशाताई लक्ष ठेवणार आहेत. आतापर्यंत १७,५०० जमले, त्यात डेअरीवर काम करणाऱ्या पोरांचे ३,००० आहेत. ज्यांच्या वावरात हे लोक वर्षभर राबतात त्यांनी नुसतं शंभराची नोट देऊन मोकळं होऊ नये, रागावलात तरी चालेल.

पैसे पंचायत ऑफिसात द्या, पावती घ्याच. पैसे नसतील तर पायलीभर ज्वारी द्या नाहीतर जवस द्या, रक्त दिल्यावर तिथंच भाकर-चटणी अन उकडलेले चणे खाऊ घालायचेत. तर्री-पोहे नाहीत, आधीच सांगतो.

सकाळी ६ ला सुरू करतो म्हणजे ९ पर्यंत सगळे वावरात जातील, कोणाचा रोज बुडणार नाही. रात्री ८ नंतर काही खायचं नाही, पाणी चालते. सकाळचा चहासुद्धा नाही, गोड चहानं आकडा हलते.