चित्रातला दुसरा माणूस

पुणे,
भाद्रपद वद्य पंचमी

प्रिय नाना,

सप्रेम नमस्कार.

तुझ्या दोन पत्रांना मी उत्तर दिले नाही आणि दिवाळीत तू फोन केलास तेव्हाही पाहुण्यांचे निमित्त सांगून तो लवकर आटोपता घेतला. त्याबद्दल तू मनात जे काही बोलला असशील ते मला मान्य आहे. प्रकृती बरी आहे, साखर आटोक्यात आहे, मोतीबिंदूचे ऑपरेशनही नीट पार पडले. आज लिहायला बसलो तो माजघरातल्या श्रीमंत पेशव्यांच्या चित्राविषयी. परवा त्या चित्रात जे सापडले ते घरात सर्वांना सांगून झाले आणि सर्वांना नवलही वाटले, पण ते पाहून मी तिथेच स्टुलावर का बसलो हे तुझ्यावाचून कोणाला कळणार नाही.

वाईचा वाडा अखेर पाडायला घेतला. वाटण्या शांतपणे झाल्या, तांब्यापितळेची भांडी धाकट्याने नेली, झोपाळा बहिणीकडे गेला आणि चित्र माझ्या वाट्याला आले. पुतण्याला ते अमेरिकेत नेऊन दिवाणखान्यात लावायचे होते, पण १९७२ च्या कायद्याप्रमाणे शंभर वर्षांवरचे चित्र परवानगीवाचून देशाबाहेर नेता येत नाही, असे कळल्यावर तो विषय मिटला. चित्राची अवस्था मात्र वाईट होती. खालच्या बाजूला ओल लागली होती, वार्निश काकवीसारखे काळपट झाले होते आणि श्रीमंतांच्या गालावर भेगांचे जाळे पसरले होते. म्हणून मी ते इथल्या एका चित्रसंवर्धन करणाऱ्या बाईंकडे दिले.

तुला ते चित्र डोळे मिटूनही दिसत असेल. डावीकडे पांढऱ्या जाम्यातले सवाई माधवराव लोडाला टेकून बसलेले, गळ्यात मोत्यांचे सर, आणि उजवीकडे तो तपकिरी पडदा, ज्याला आपण विहीर म्हणायचो आणि दिवे गेले की ज्याच्या समोरून पळत जायचो. पहिल्या दोन सरांतल्या प्रत्येक मोत्याखाली, मूळ चित्रावरून आपले चित्र काढणाऱ्या नक्कलकाराने राखाडी सावलीचा ठिपका काळजीने दिला आहे आणि तिसऱ्या सरापासून कंटाळून नुसते पांढरे ठिपके ठेवले आहेत, हे पहिल्यांदा तूच मला दाखवले होतेस.

बाईंनी खोलीत अंधार करून चित्रावर अतिनील दिवा धरला. जुने वार्निश त्या उजेडात हिरवट चमकते आणि त्यावर नंतर कोणी रंग लावला असेल तर तेवढा भाग काळा दिसतो, असे त्यांनी मला आधी समजावले. श्रीमंत हिरवट उजेडात जसेच्या तसे बसले होते. पडद्याच्या जागी मात्र काळा डाग होता आणि त्या डागाला डोके होते, खांदे होते, मांडी घालून बसलेल्या माणसाचे गुडघे होते. नाना, आपली विहीर रिकामी नव्हती.

मग त्यांनी काडीला कापूस गुंडाळून, द्रावणात भिजवून, पडद्याच्या वरच्या भागात दोन इंचांची चौकोनी खिडकी उघडली. तासभर त्यांचा हात इतका हळू फिरत होता की पाहताना माझेच खांदे दुखू लागले. खिडकीतून प्रथम पागोट्याची कड आली, मग एक कान आणि त्याखाली गाल आला. तो गाल आत ओढलेला आहे, हाडाखाली करड्या रंगाचा एकच लांब फटकारा आहे. शाळेच्या गॅदरिंगच्या नाटकात मी श्रीमंत झालो आणि तू नाना फडणीस, त्या दिवशी आजोबांनी तुझ्या गुबगुबीत गालांवर जळक्या बुचाने जो फटकारा ओढला होता तो अगदी हाच.

मूळ चित्रात फडणीस आहेत, हे आपल्याला पाचवीपासून ठाऊक होते. जेम्स वेल्स हा स्कॉटिश चित्रकार १७९१ साली मुंबईत उतरला, पुढच्या वर्षी तिथल्या इंग्रज रेसिडेंट मॅलेटच्या ओळखीने पुण्याच्या दरबारात आला आणि त्याने श्रीमंत, नाना फडणीस आणि मागे उभे असलेले सेवक यांना एका चित्रात बसवले. ते चित्र आज लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीत आहे. त्याचा छापील फोटो तू शाळेच्या वाचनालयात शोधून काढलास आणि धावत वाड्यावर आलास, ती दुपार मला आठवते. ‘आमच्या चित्रात फडणीस का नाहीत?’ असे तू विचारलेस तेव्हा आजोबा शांतपणे म्हणाले होते, ‘नक्कल करणाऱ्याला एकाच माणसाचे पैसे दिले होते.’ मी ते खरे मानले. तू मानले नाहीस, आणि नदीवरच्या घाटापर्यंत माझ्याशी भांडत आलास की पैसे वाचवायचेच तर कोणीही सेवकांना वगळेल, फडणिसांना कसे वगळेल! पन्नास वर्षांनी कबूल करतो, तुझेच बरोबर होते.

आता माझी काळजी ऐक. वरच्या रंगाचा कण तपासल्यावर त्यात टायटॅनियमचा पांढरा सापडला. तो रंग चित्रकारांच्या हाती पहिल्या महायुद्धानंतर आला, म्हणजे पडदा विसाव्या शतकातला आहे. खालचे चित्र त्याहून बरेच जुने आहे आणि नक्कलकाराने दोन्ही माणसे काढली होती. ही माहिती घेऊन मी घरी आलो आणि आजोबांची ट्रंक उघडली. तळाशी रंगाच्या तीन वाळलेल्या नळ्या होत्या आणि १९४६ च्या वहीत, चैत्रातल्या खर्चात, त्यांच्या त्या मोत्यासारख्या अक्षरात एक ओळ होती: ‘तैलरंग व कुंचले, रु. ४-६-०.’ त्याच वहीत दोन महिने आधी, माघात, आजोबांच्या थोरल्या काकांच्या दिवसकार्याचा खर्च आहे.

थोरल्या काकांविषयी आजोबा आपल्याला फारसे सांगत नसत. वडील गेले तेव्हा आजोबा दोन वर्षांचे होते, आणि पुढे शिक्षण, लग्न, नोकरी, इतकेच काय पण कोणाच्या घरी जेवायला जायचे हेही काकांनी ठरवले. काका त्या चित्राखाली पाट मांडून जेवत आणि आजोबा समोर बसत, हे मला आत्याने सांगितले होते. ते मी इतकी वर्षे जुन्या घरांतली एक साधी गोष्ट म्हणून ऐकत आलो. आता वाटते, समोर बसलेल्या त्या पोराला जेवताना वर चित्रात काय दिसत असेल?

तू म्हणशील की मी पुन्हा आजोबांचीच बाजू घेतली आणि फडणिसांना काका करून टाकले. तसे नाही. तुझे म्हणणे मला पाठ आहे. बापाचा भर वाड्यात खून झालेला, मूल पुरंदरावर जन्मले, चाळीस दिवसांचे असताना त्याला पेशवाईची वस्त्रे मिळाली, तीन वर्षांचे असताना आई गेली. त्या मुलाला आणि राज्याला एकवीस वर्षे ज्याने जपले त्याला तुरुंगाधिकारी म्हणणे कृतघ्नपणाचे आहे, हे तू नववीच्या वर्गात बाकावर उभा राहून सांगितले होतेस. ते मी आज मानतो. पण चित्रातल्या मुलाकडेही बघ. नारायणराव मारले गेले तेव्हा ते अठरा वर्षांचे होते, आणि त्यांचा मुलगा अठराव्या वर्षीच वेल्ससमोर बसला. त्याच १७९२ साली महादजी शिंदे पुण्यात आले, त्यांनी या पोराला शिकारीला नेले, मोकळे हसवले, आणि दीड-पावणेदोन वर्षांत वानवडीला तेही गेले. पर्वतीच्या पायथ्याचा शिकारखाना, म्हणजे प्राणिसंग्रह, हा त्याचा खरा आनंद; तिथला गेंडा चित्रकार गंगाराम तांबटाने इतक्या प्रेमाने काढला आहे की त्याच्या कातडीची प्रत्येक घडी मोजता येते. मार्च १७९५ मध्ये खर्ड्याला निजामाविरुद्ध सगळे सरदार एका झेंड्याखाली उभे राहिले, आणि आश्विनात दसऱ्याची मिरवणूक झाल्यावर तीन दिवसांनी हा मुलगा शनिवारवाड्यातल्या सज्जातून खालच्या कारंजावर पडला. दोन दिवसांनी, कोजागरीला, गेला. वेल्सही त्यानंतर महिन्याभरातच वारला.

तापाच्या भरात तोल गेला की उडी घेतली, यावर आपण किती भांडलो! तू तोल म्हणायचास, मी उडी. दुसऱ्या बाजीरावाशी चाललेला चोरटा पत्रव्यवहार, तो फडणिसांना कळणे, मग झालेली बोलणी, हे सगळे मी तुझ्या तोंडावर फेकायचो, आणि तू म्हणायचास की वाड्यात एवढे झाले तरी ताप हा तापच असतो. त्या भांडणात आपण आठ दिवस एकमेकांशी बोललो नव्हतो, आणि शेवटी तुझ्या आईने आपल्याला एका ताटात पुरणपोळी वाढली तेव्हा समेट झाला.

आणि गॅदरिंगचा तो शेवटचा प्रवेश. आजोबांनी लिहिलेल्या संहितेत श्रीमंत पडल्यावर रंगमंचावर मी एकटा होतो, दिवा मंद होत जायचा होता आणि पडदा पडायचा होता. तू विंगेत उभा होतास. कोणीही सांगितले नसताना तू आत आलास, माझ्या डोक्याशी गुडघे टेकून बसलास आणि पागोटे काढून बाजूला ठेवलेस. बोलला काहीच नाहीस. मी डोळे मिटून पडलो होतो तरी तुझा श्वास मला ऐकू येत होता. टाळ्या खूप पडल्या, पण आत गेल्यावर आजोबा पांढरेफटक पडले होते. ‘त्या प्रवेशात तुझे काम नव्हते,’ एवढेच ते तुला म्हणाले आणि महिनाभर तुझ्याशी बोलले नाहीत. संहिता मोडली म्हणून ते रागावले, असे आपण धरून चाललो. नाना, ज्याला त्यांनी आपल्या हातांनी चित्रातून बाहेर काढले होते तो त्या रात्री सगळ्या गावासमोर पुन्हा आत येऊन बसला होता.

बाई विचारतात, पुढे काय करायचे. पडदा पूर्ण काढता येईल, फडणीस शाबूत आहेत, वार्निशाच्या थराने त्यांना राखले आहे. जुन्या नक्कलकाराच्या दृष्टीने तेच न्याय्य आहे आणि पुतण्याच्या मते किमतीच्या दृष्टीनेही. पण काढलेला रंग परत लावता येत नाही. आजोबांनी आयुष्यात काढलेले हे एकच चित्र, आणि ते कापसाच्या बोळ्यांवर तपकिरी डाग होऊन निघून जाईल. खिडकी उघडताना वापरलेले बोळे बाईंनी बरणीत टाकले होते; ते मी मागून घेतले आणि कागदाच्या पुडीत बांधून ट्रंकेत ठेवले आहेत. रात्री एक मन म्हणते, त्या पोराला दीडशे वर्षांनी का होईना, कोणी एकटे बसू दिले, ते त्याच्याकडून काढून घेऊ नये. दुसरे मन म्हणते, फडणिसांनाही कोणीतरी त्याच्याजवळ बसू दिले पाहिजे. खिडकी तशीच ठेवून एक कान आणि एक गाल दिसू द्यावा, असाही मार्ग बाईंनी सुचवला, पण त्याने दोघांचीही फजिती होईल असे मला वाटते. घरातले म्हणतात, तुमचे चित्र, तुम्ही ठरवा. माझ्याने ठरत नाही. मी कायमच एका बाजूचा होतो.

तुझ्या मुलीचे लग्न ठरल्याचे कळले, फार आनंद झाला. आम्ही दोघे चार दिवस आधी येऊ. वहिनींचा गुडघा आता कसा आहे? इंदूरला पाऊस पुरेसा झाला का?

बाई कोजागरीपर्यंत थांबायला तयार आहेत. दसरा झाला की तू ये. गाडीचे आरक्षण मी इथून करतो, तू फक्त होकार कळव. चित्रासमोर दोन खुर्च्या मांडू, तू पडद्यासमोर बस, मी श्रीमंतांसमोर बसतो, आणि तू जे म्हणशील ते मी भांडण न करता ऐकेन. त्या रात्री तू कोणाला न विचारता आत आलास. या वेळी मी विचारतो आहे, येशील ना?

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
श्रीमंत

ता. क. वाचनालयातून आणलेला तो छापील फोटो तुझ्याकडे राहिला होता, असे मला वाटते. असेल तर येताना घेऊन ये.