नव्या साइटवर माणसं उतरण्याआधी

पुणे, रविवार

प्रिय दोस्ता,

सप्रेम नमस्कार. तुझा फोन आल्यापासून लिहीन लिहीन म्हणत होतो. दिवाळीनंतर नाशिकच्या साइटवर तुझा लेबर कॅम्प भरणार, आणि कामगारांच्या मानसिक आरोग्यासाठी काहीतरी करा असं वरून सांगणं आलंय. एखादा वक्ता बोलावू का, असं तू विचारलंस. बोलाव, पण तेवढ्यावर थांबू नकोस. दिवसभर सळई बांधून दमलेला माणूस ताणतणावावरचं भाषण ऐकतो, टाळ्या वाजवतो आणि खोलीवर जाऊन परत त्याच हिशेबाशी झटत बसतो.

हा प्रश्न केवढा मोठा आहे ते आधी बघ. २०२१ साली देशात १,६४,०३३ लोकांनी आत्महत्या केल्याची सरकारी नोंद आहे. त्यातले ४२,००४ रोजंदारीवर जगणारे, म्हणजे चारातला एक. २०२२ मध्ये एकूण आकडा १,७०,९२४ वर गेला. त्यातले २२,७४६ एकट्या आपल्या महाराष्ट्रातले, देशात सगळ्यात जास्त. रोजंदारीवरचे सगळेच काही बांधकामावरचे नसतात, हे खरं. पण आपल्या साइटवरची बहुतेक माणसं त्याच रकान्यात मोडतात. शेतकऱ्याच्या आत्महत्येवर निदान विधानसभेत बोललं जातं. त्याच घरातला धाकटा भाऊ उचल घेऊन पुण्यात स्लॅबवर येतो, त्याची विचारपूस कोण करतं? याचा मला मनापासून राग येतो.

उचलीचं तुला नव्यानं सांगायला नको. बहिणीच्या लग्नाला नाहीतर बापाच्या दवाखान्याला पैसे घेतलेले असतात, ते फिटेपर्यंत हातात नुसती खर्ची, म्हणजे आठवड्याच्या खर्चापुरते पैसे. हिशेब मुकादमाच्या वहीत, आणि ती वही याला वाचता येत नाही. घरून फोन येतो तो पैशासाठीच. पत्र्याच्या खोलीत आठ-दहा जण, रात्री काँक्रीट चालू असलं की झोपेचं खोबरं. कंबर धरली तर मेडिकलमधून गोळी आणायची, कारण खाडा पडला की रोज बुडाला. संध्याकाळी क्वार्टर मारली की थोडा वेळ सगळं विसरायला होतं; नंतर तीच दारू आधीच पोखरलेल्या मनाला आणखी खाली ओढते. म्हणून मी म्हणतो, पहिलं काम तुझ्या हजेरीच्या वहीपासून सुरू कर. खर्ची ठरल्या वारी मिळू दे. उचल किती, फिटली किती, बाकी किती, हे दर महिन्याला ज्याच्या त्याच्या मोबाइलवर जाऊ दे, त्याला वाचून दाखव. बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाच्या नोंदणीला लागणारा ९० दिवसांच्या कामाचा दाखला मागितल्याबरोबर दे. कितीतरी जणांची नोंदणी त्या एका कागदापायी अडते.

दुसरं काम विचारण्याचं. गेल्या पावसाळ्यात आमच्याकडे नांदेडकडचा एक गवंडी होता. प्लास्टरला हात असा की बघत राहावं. त्याच्या थापीला आणि पितळी ओळंब्याला तो कुणाला शिवू देत नसे. एका संध्याकाळी त्यानं सगळी हत्यारं धुतली, पुसली, सिमेंटच्या रिकाम्या गोणीत बांधली आणि आपल्या बिगाऱ्याला दिली. "ठेव तुला, मला नकोत आता." पोरगं खूश झालं. बाकीच्यांना वाटलं, हा गावाकडं निघाला. मुकादमाला मात्र खटकलं. चार दिवस हा जेवणावरून उठून जातोय, घरचा फोन उचलत नाहीये, हे त्यानं पाहिलं होतं. तो त्याच्या शेजारी जाऊन बसला, तंबाखू मळली, अर्धी त्याला दिली आणि सरळ विचारलं, "दादा, जिवाचं बरंवाईट करायचं मनात आहे का?" गवंडी बराच वेळ गप्प होता. मग "हो" म्हणाला आणि ढसाढसा रडला.

मुकादमानं त्याला ना उपदेश केला, ना बायका-पोरांची शपथ घातली. "कुणाला सांगू नका" असं गवंडी म्हणाला, तेव्हा "सांगावं लागेल, पण चारचौघांत नाही" असं स्वच्छ सांगून मला फोन केला. त्या रात्री त्याच्या गावचे दोघं त्याच्याजवळच झोपले. सकाळी त्याला ससून रुग्णालयात मानसोपचाराच्या ओपीडीत नेलं, गावाहून मेहुण्याला बोलावून घेतलं. गोळ्या सुरू झाल्या, अडकलेला हिशेब मोकळा केला. आज तो कामावर आहे.

असं विचारलं तर नसतं खूळ डोक्यात भरेल, ही भीती तुझ्या मुकादमांनाही वाटणार. तसं होत नाही. या विषयातले डॉक्टर हेच सांगतात की थेट विचारल्यानं विचार बळावत नाही, उलट कोंडलेला माणूस बोलायला लागतो. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडमध्ये २००८ पासून ‘मेट्स इन कन्स्ट्रक्शन’ नावाचं काम चालू आहे. त्यांनी साइटवरच्या कामगारांनाच सोबत्याची चलबिचल ओळखायला आणि त्याला मदतीपर्यंत न्यायला शिकवलं. आपल्याकडेही वक्त्याऐवजी जिल्हा रुग्णालयातले समुपदेशक बोलाव आणि मुकादम, वॉचमन, कँटीनवाला यांना त्यांच्यापुढे बसव. कोण जेवला नाही हे कँटीनवाल्याला सगळ्यांच्या आधी कळतं.

सेफ्टीवाल्यालाही एक सांगून ठेव. ज्याचं मन ठिकाणावर नाही त्याला उंचीवर चढवायचं नाही, खाली काम द्यायचं आणि हजेरी पूर्ण लावायची. हजेरी कापलीस तर पुढचा माणूस तोंड उघडणार नाही. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर खोल्यांच्या दारांवर आणि संडासाच्या भिंतीवर मोठ्या अक्षरात रंगवून घे. फोन फुकट आहे, दिवसरात्र चालतो, मराठी-हिंदीशिवाय इतर भाषांतही बोलता येतं. जिवाला धोका दिसला तर मात्र नंबर देऊन मोकळं व्हायचं नाही. माणसाला एकटं सोडायचं नाही, घातक काही हाताशी राहू द्यायचं नाही आणि थेट दवाखाना गाठायचा. पोलिसांच्या भीतीनं लोक लपवतात. त्यांना सांग की २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं जीव देण्याचा प्रयत्न केलेल्या माणसाला शिक्षेऐवजी उपचार देण्याची जबाबदारी सरकारवर टाकली आहे. असा प्रयत्न गुन्हा ठरवणारं जुन्या दंड संहितेतलं ३०९ कलमही १ जुलै २०२४ पासून नव्या संहितेत आलेलं नाही.

आता तुझं. बिलं अडकलीत, बँकेचा हप्ता आहे, पहाटे तीनला जाग येते, हे तू फोनवर बोलून गेलास आणि लगेच विषय बदललास. मी बदलू देणार नाही. तुला कधी जगणं नकोसं वाटतं का रे? जे असेल ते सांग. रात्री दोनला फोन केलास तरी उचलीन. आणि झोप लागत नसेल तर या आठवड्यात डॉक्टरकडे जा, मी सोबत येतो.

कॅम्पच्या खोल्या बांधतोयस तर एका खोलीत सहापेक्षा जास्त जण नकोत, आणि खिडक्या समोरासमोर ठेव. माणसं उतरली की मला कळव. पहिल्या रविवारी येतो, मुकादमांबरोबर आपण दोघं बसू. त्या गवंड्याच्या मुकादमालाही विचारलंय, तो यायला तयार आहे. वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझाच,
जुना सोबती