ओमकारकडून दिडकी पाठ करून घ्या

पणजी, गोवा

ती. बाबा आणि आई,
सा. न. वि. वि.

ओमकारनं कॅसिनोतल्या डीलरच्या, म्हणजे टेबलावर पत्ते वाटणाऱ्याच्या, प्रशिक्षणाला नाव घातल्याचं दादाकडून कळलं. बाबा, तुम्ही फोनवर विचारलंत, "हिशेब मशीन करत नाही का?" नाही करत. पत्ते पिसायला मशीन असतं, पण बेरीज आणि देणं डीलरच्या डोक्यातूनच निघतं. टेबलावर कॅल्क्युलेटर नाही, कागद-पेन्सिलही नाही. ब्लॅकजॅकचं, म्हणजे एकवीसच्या पत्त्यांच्या खेळाचं, गणित फोनवर सांगायचं म्हणजे लांबण लागेल, म्हणून लिहिते. ओमकारची तयारी तुम्हीच करून घ्या. त्यातलं निम्मं तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं येतं.

दुर्रीपासून दश्शीपर्यंत जेवढा आकडा तेवढी पत्त्याची किंमत. गुलाम, राणी, राजा प्रत्येकी 10. एक्का 1 किंवा 11, जसा सोयीचा पडेल तसा. डीलरपेक्षा 21 च्या जवळ जायचं, पण 21 च्या वर गेलं की बस्ट, म्हणजे पैसे गेले. खेळणाऱ्याला पत्ता घ्यायचा की नाही ते ठरवता येतं. डीलरला तशी मर्जी नाही: 16 पर्यंत घ्यायचाच आणि 17 झाले की थांबायचं.

एवढी बेरीज चौथीतल्या पोरालाही येते. पण सहा-सात जण समोर बसलेले, कोणी बोलतंय, कोणी चिप्स (पैशांच्या जागी लावायच्या चकत्या) वाजवतंय, आणि रात्री दोन वाजताही ती पहिल्या डावाइतकीच बिनचूक यायला हवी. म्हणून आम्हा डीलरांत बेरीज करत नाहीत, ओळखतात. दोन पत्त्यांच्या किमतींच्या जोड्या मोजून 55 होतात, त्याहून जास्त नाहीत. सत्ती-अठ्ठी दिसली की तोंडात 'पंधरा' यावं. 'कमळ' वाचताना आपण क, म, ळ थोडेच जुळवत बसतो?

तिसरा पत्ता आला की मागचे दोन विसरायचे, फक्त बेरीज धरायची. नव्वी आली तर दहा मिळवून एक कमी, अठ्ठी आली तर दहा मिळवून दोन कमी. 12 च्या पुढे गेल्यावर आणखी सोपं: बेरजेऐवजी 'जागा' बघायची. 15 वर 6 ची जागा उरते. त्यावर सत्ती पडली की बस्ट. 22 झाले हे मोजायला थांबायचं कारणच नाही.

नवी मुलं अडखळतात ती एक्क्यावर. त्यावर एकच रीत सांगा, दुसरी नको. सगळे एक्के आधी 1 धरायचे. बेरीज 11 किंवा त्याहून कमी असेल आणि हातात एक्का असेल, तरच 10 मिळवायचे. एक्का-चौकी म्हणजे 5 किंवा 15. त्यावर अठ्ठी आली: 13, आता 'किंवा' संपलं. पुन्हा एक्का: 14. मग तिर्री: 17. एक्का म्हणजे 11 अशी सवय झालेला पोरगा दुसऱ्या एक्क्याला 24 म्हणून पत्ते उचलून मोकळा होतो आणि जिवंत हात मारतो. उलटी चूक डीलरच्या स्वतःच्या हातात होते. दुर्री, चौकी, एक्का पडले, मुलाला 7 दिसतात, तो आणखी एक पत्ता ओढतो. खरं तर ते 17 आहेत, तिथंच थांबायचं होतं. (काही ठिकाणी एक्क्याच्या 17 वर डीलरनं पत्ता घ्यायचा नियम असतो. टेबलाच्या कापडावरच तसं छापलेलं असतं, बसण्याआधी वाचायचं.) ही चूक महागात पडते, कारण जादा ओढलेला पत्ता सगळ्या टेबलाचा निकाल फिरवतो. म्हणून बेरीज मोठ्यानं बोलायची: "सेव्हन ऑर सेव्हन्टीन." बोललं की खेळणाराही ऐकतो, टेबलांवर देखरेख करणारा इन्स्पेक्टरही ऐकतो, आणि मुख्य म्हणजे आपलंच आपल्याला ऐकू येतं.

आता बाबा, तुमचा विषय. पहिल्या दोन पत्त्यांत एक्का आणि दहाच्या किमतीचा पत्ता आला की तो ब्लॅकजॅक, आणि त्याचं देणं दोनास तीन. म्हणजे आपली दिडकी! पावकी, निमकी, पाऊणकी शाळेतून गेली आणि मुलांना आता 1,300 चे दीडपट काढायला घाम फुटतो. रीत अशी: रक्कम अधिक तिची निम्मी. 1,300 ला 650 मिळवून 1,950. 3,700 ला 1,850 मिळवून 5,550. ढिगात वेगवेगळ्या रंगांच्या चिप्स असतील तर आधी रंग वेगळे करायचे. हजाराची एक, पाचशेच्या तीन, शंभराच्या दोन, एकूण 2,700. दिडकी रंगवार: 1,500, 2,250 आणि 300, मिळून 4,050. आता ते 50 कशाचे द्यायचे? शंभराच्या आकड्यात विषम रक्कम लावली की ही अडचण ठरलेली. घराचा (म्हणजे कॅसिनोचा) नियम काय, खाली सोडायचं की पन्नासची चिप ठेवतात, हे पाळी सुरू होण्याआधी विचारून घ्यायचं. अमेरिकेत पाच डॉलरच्या साडेसातसाठी अडीच डॉलरची गुलाबी चिपच असते.

दिडकीत दोन चुका नेहमीच्या. पहिली: 1,500 वर 2,250 द्यायचे ते लावलेल्या पैशांसकट धरून फक्त 750 पुढे सरकवणं. लावलेले 1,500 जागेवरच राहतात, 2,250 वेगळे. दुसरी आपल्या भाषेची आहे. डोक्यात मराठी आणि तोंडानं इंग्रजी. 2,500 ची दिडकी आपल्याला झटकन येते, 'पावणेचार हजार'. पण त्यातला 'चार' कानात राहतो आणि तोंडातून "फोर सेव्हन फिफ्टी" निघतं. सव्वा आणि पावणे ओमकारला दोन्ही भाषांत म्हणायला लावा: सव्वापाच हजार म्हणजे फाइव्ह टू फिफ्टी, पावणेसात हजार म्हणजे सिक्स सेव्हन फिफ्टी.

पहिले दोन्ही पत्ते एक्के निघाले, ते फोडून दोन हात केले आणि एकावर राजा पडला तर ते 21, पण साधारण नियमानं तो ब्लॅकजॅक नव्हे. तिथं दिडकी नाही, जेवढ्यास तेवढे. हेही मुलं विसरतात.

आणि निमकी लागते इन्शुरन्सला. डीलरचा उघडा पत्ता एक्का असेल तर खेळणारा लावलेल्याच्या निम्म्यापर्यंत वेगळी रक्कम ठेवतो. डीलरचा झाकलेला पत्ता दहाच्या किमतीचा निघाला तर त्यावर दुप्पट मिळतात. 3,000 लावले, 1,500 इन्शुरन्स, डीलरचा ब्लॅकजॅक: 3,000 गेले, 3,000 आले. आई, तुला 'विमा' म्हटल्यावर बरं वाटेल, पण हिशेब बघ. सहा कॅट म्हणजे 312 पत्ते. एक एक्का दिसला, उरले 311, त्यात दहाच्या किमतीचे 96. दर वेळी 1 लावला तर 96 वेळा जिंकून 192 येतात, बाकी 215 वेळा हरून 215 जातात. दर 311 ला 23 घराकडे, शंभराला साधारण 7.4. मला विचारशील तर हा विमा कोणी उतरवू नये. पण डीलरनं सल्ला द्यायचा नसतो, निमकी बरोबर आहे एवढंच बघायचं.

हल्ली काही टेबलांवर दोनास तीनऐवजी पाचास सहा देतात. दिडकी सोडाच, ती सवाईलाही पोचत नाही. तिथं पाचवा हिस्सा मिळवायचा: 3,500 ला 700 मिळवून 4,200.

डाव संपल्यावर डीलरच्या हाती एकच आकडा उरतो, समजा 18. मग प्रत्येक हाताकडे बघून तीनच प्रश्न: 18 पेक्षा जास्त, तेवढेच की कमी? जास्तला द्यायचं, बरोबरीला हात लावायचा नाही, कमीचं घ्यायचं. पत्तेही ओळीनं, एकावर एक उचलायचे. कोणी तक्रार केली तर तोच डाव जसाच्या तसा परत मांडता येतो. चूक लक्षात आली तर स्वतः दुरुस्त करायची नाही. पत्ते आणि चिप्स आहेत तिथंच ठेवून इन्स्पेक्टरला हाक मारायची. गुपचूप परत ओढलेली चिप कॅमेऱ्यात चोरीसारखी दिसते.

घरी सराव असा घ्या. पत्त्यांचा एक कॅट पुरे. पहिला आठवडा फक्त दोन-दोन पत्ते उलटायचे आणि बेरीज बोलायची. एका कॅटमध्ये 26 जोड्या होतात. घड्याळ लावू नका. आधी चूक शून्यावर येऊ दे, वेग मागून येतो. मग 17 होईपर्यंत पत्ते टाकायला सांगा, एक्क्यांसकट. तिसरा प्रकार मला सगळ्यात आवडतो, कारण त्यात तपासणी आपोआप होते: एक्का 1 धरून अख्ख्या कॅटची बेरीज बोलत न्यायची. शेवट 340 वर यायला हवा. 339 आले तर कुठंतरी गाडी घसरली. पोरगा एकसारखा 10 नं चुकत असेल तर गणित कच्चं नाही, चित्राचा पत्ता निसटतोय. मधेच आईनं विचारायचं, "चहा घेणार का?" उत्तर देऊनही आकडा टिकला पाहिजे.

चिप्ससाठी माळ्यावरचा कॅरम काढा. आमच्याकडे 20 चा एक ढीग, तो पाच-पाचचे चार करून दाखवतात, म्हणजे न मोजता कोणालाही दिसतं. देताना लावलेल्या ढिगाशेजारी तेवढ्याच उंचीचा ढीग उभा करायचा आणि बोट फिरवून वरची पातळी बघायची. सोंगट्या राणीसकट 19 च भरतात, विसावी म्हणून आईच्या डब्यातलं एखादं मोठं बटण चालेल. काळी शंभराची, पांढरी पाचशेची धरा. ढीग तुम्ही लावायचा, दिडकी त्यानं मांडायची.

पत्ते मोजून घराला हरवणाऱ्यांबद्दल तो विचारेल. ते खेळणाऱ्याचं गणित, त्यात त्याला आत्ता शिरू देऊ नका. रूलेटसाठी (चाकावर गोळी फिरवायचा खेळ, त्यात देणं 17 आणि 35 पटीनं निघतं) मात्र 17 आणि 35 चा पाढा आत्तापासून सुरू करा, 20 पर्यंत, उलटासुलटा विचारून. 35 चा येईल त्याला. 17 चा 'सतरा साते'च्या पुढे अडतो, दादाचाही तिथंच अडायचा.

तुमची,
बेबी