त्या संध्याकाळी साप नाही म्हणून ओरडलेल्या काकांना

काका, तुमचं नाव विचारायचं राहूनच गेलं म्हणून हे असं उघड्यावर लिहितोय, कुणीतरी तुम्हाला वाचून दाखवेल अशी आशा आहे. तलावाच्या त्या कोपऱ्यात, वेलींच्या बाजूला, अंधार पडता पडता जो पोरगा हातात दगड घेऊन उभा होता ना, तो मी.

मी खरं तर कार्पसाठी बसलो होतो. गांडूळ लावून गळ तळाशी टाकलेला, चार तास काही नाही, आणि मग लाईन अशी हळूच सरकायला लागली की मला वाटलं वाऱ्यानं असेल. मी आरामात बघत बसलो, तोवर खाली जी होती तिनं गळ पार गिळला होता हे नंतर कळलं. ओढायला गेलो तर मासा पुढं पळतो तशी ओढच नाही, कुणीतरी मागे मागे खेचतंय असं वाटत होतं, आणि काठाला आली तेव्हा दोरीसारखी वळवळत स्वतःलाच लाईनमध्ये गुंडाळून घेत होती. काळसर, हातभर लांब. माझी जाम फाटली, सरळ सांगतो. दगड उचललाच होता आणि तुम्ही पलीकडून ओरडलात, "अरे ए, साप नाही तो, वाम आहे! कल्ल्याजवळचे पंख बघ!"

मग टॉर्च मारून दाखवलंत, डोक्यामागं दोन्ही बाजूंना कानासारखे छोटे पंख, त्यांच्यापुढं कल्ल्याची बारीक फट, आणि पाठीवरचा पंख शेपटीवरून वळून थेट पोटाखाली आलेला, मध्ये कुठं तुटत नाही. सापाला पंख कुठून येणार. इतकं सोपं आहे हो, पण इतकी वर्षं गळ टाकतोय आणि मला कुणी सांगितलं नव्हतं.

आणि तुमची ती आयडिया! खांद्यावरचा टॉवेल पाण्यात बुडवून त्यात तिला धरलंत आणि ओल्या गवतात एका खळग्यात पाठीवर उताणी ठेवलीत, तर जी मघापासून थांबायला तयार नव्हती ती एकदम गप्प. मी गळ काढायला पक्कड पुढं केली तर हातावर चापट मारलीत, "आत गेलाय, खेचलास तर आतडी येतील बाहेर, लाईन काप तोंडाजवळ." कापली. तेव्हाच तुम्ही म्हणालात, वामेसाठी वाट बघायची नाही, लाईन सरकली की लगेच ताण द्यायचा म्हणजे गळ ओठातच बसतो. हे आता डोक्यात फिट बसलंय.

माझ्या बोटाला तिचं थोडं रक्त लागलं होतं तर डोळ्याला हात लावू नको म्हणून दोनदा दम दिलात, तेव्हा मला वाटलं काका उगाच घाबरवतात. घरी आल्यावर वाचलं तर खरंच वामेचं कच्चं रक्त विषारी असतं, शिजवलं की ते विष जातं. सॉरी काका.

पण सगळ्यात डोक्यात राहिलं ते तुम्ही जाता जाता बोललात ते, "ही इथली नाही रे, समुद्रात जन्मलीय." मला ते थापच वाटलं होतं, गोड्या तलावातली मासळी आणि समुद्र? मग रात्री दोन वाजेपर्यंत वाचत बसलो. या जातीच्या वामा खरोखर समुद्रात जन्मतात, काचेसारखी पारदर्शक पिल्लं नद्यांमधून वर येतात, वर्षानुवर्षं गोड्या पाण्यात वाढतात आणि शेवटी अंडी घालायला परत समुद्रात जातात, एकदाच, आणि तिथंच संपतात. मध्ये धरण आलं की खेळ खल्लास. अ‍ॅरिस्टॉटलला वाटायचं या चिखलातून जन्मतात. फ्रॉइडनं, हो तोच मनाचा डॉक्टर, 1876 मध्ये विद्यार्थी असताना सुमारे 400 वामा कापल्या, नराचे अवयव शोधायला, आणि ठोस काही हाती लागलं नाही (बिचारा मग माणसांकडे वळला). श्मिट नावाच्या डॅनिश माणसानं अटलांटिकमध्ये जवळपास 20 वर्षं जाळी ओढून शोधलं की युरोपातल्या वामा सारगासो समुद्रात जन्मत असणार, कारण सगळ्यात छोटी पिल्लं तिथं सापडली. तरी तिथं त्यांना अंडी घालताना अजून कुणी पाहिलेलं नाही म्हणे. आणि मी दगड घालणार होतो.

तुम्ही तिला पाण्यात फेकली नाहीत हेही आवडलं. काठापासून दोन हातांवर परत पोटावर सरळ करून सोडलीत आणि आपण दोघं नुसते बघत बसलो, ती ओल्या गवतातून बरोबर पाण्याच्या दिशेनं वळत वळत गेली, घाई नाही काही नाही.

थॅंक यू काका, मनापासून. तुमचा टॉवेल माझ्याकडेच राहिलाय. तीनदा धुतला, तो बुळबुळीतपणा गेला पण वास काही जात नाही. रॉडच्या बॅगेत ठेवलाय, मी त्याच कोपऱ्यात बसतो, दिसलो तर हाक मारा.