‘घरात कुणाला ताप येतो का?’

पुण्यातल्या औंधच्या रोग अन्वेषण प्रयोगशाळेतल्या ताईंना, सप्रेम नमस्कार.

ताई, रिपोर्टखालच्या सहीवरून तुमचं नाव लावायचा मी दोनदा प्रयत्न केला. सही अगदी डॉक्टरांसारखी आहे, त्यामुळे नुसतं ‘ताई’ म्हणते. मी फलटण तालुक्यातली. थर्माकोलचा डबा मांडीवर घेऊन एसटीने आलेली बाई म्हणाल, तर कदाचित आठवेल.

तुम्ही फोनवर एक प्रश्न विचारला होता, त्यामुळेच गाईंकडून घरात आलेला ब्रुसेल्लोसिस हा आजार सापडला, त्याचे आभार मानायचे राहून गेलेत. त्या दिवशी प्रयोगशाळेत जे घडलं त्या गडबडीत ते सुचलंच नाही.

गेल्या श्रावणात आमची गाय गौरी सातव्या महिन्यात गाभडली, दिवस भरण्याआधीच वासरू पडलं. वार, म्हणजे वासरामागून पडते ती नाळेची पिशवी, आत अडकली. मामांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, नेहमीसारखी बाही वर सारली आणि हात घातला. आयुष्यभर त्यांनी अशाच गाई सोडवल्यात. मेलेलं वासरू उकिरड्याच्या कडेला वरवर पुरलं. वारीतला निम्मा तुकडा आमच्या कुत्र्यानं ओढून नेला, तो मी हातानंच परत आणून टाकला. आता लिहिताना अंगावर काटा येतो, पण तेव्हा हात धुतले आणि भाकरी थापायला बसले.

भाद्रपद संपताना मामांना ताप यायला लागला. दिवसभर माणूस ठीक, रानात जाऊन यायचा. संध्याकाळी कणकण, आणि रात्री घामानं गोधडी पिळून काढावी लागायची. मग चार-पाच दिवस काहीच नाही. आम्ही म्हणायचो उतरला, की परत सुरू. कंबर धरली ती धरलीच. एका दवाखान्यात टायफॉईडचा कोर्स झाला, सलाईन झालं. दुसरीकडे मलेरियाच्या गोळ्या दिल्या. तिसरीकडे टीबीचं नाव निघालं तेव्हा आत्या, म्हणजे सासूबाई, देवापाशी जाऊन बसल्या. समोर शेणाचे डाग पडलेलं धोतर नेसून माणूस बसलाय, पण ‘तुमच्याकडे जनावरं आहेत का’ हे कुणी विचारलं नाही. आम्हीही आपण होऊन सांगितलं नाही. गाईचं गाईपाशी, माणसाचं माणसापाशी, असंच आमच्या डोक्यात होतं.

कार्तिकात चंद्री गाभडली. जनावरांच्या सरकारी दवाखान्यातले डॉक्टर आले आणि म्हणाले, “एक गाभडली तर लाथ लागली म्हणू. दुसरी गाभडली की रक्त तपासायचं.” त्यांनी सातही जनावरांच्या मानेतून रक्त काढून नळ्यांवर नंबर घातले. आमच्या ह्यांना तसंही पुण्याला जायचं होतं, म्हणून पिशवी त्यांच्याकडे दिली. ह्यांनी ती गाडीच्या हँडलला अडकवली आणि सगळ्या खड्ड्यांतून नाचवत औंधला पोचवली.

दुसऱ्या दिवशी तुमचा फोन आला. मी कॅन धूत होते. “रक्त फुटलंय,” तुम्ही म्हणालात. “नळीत वर पिवळसर पाणी यायला हवं, लाल आलंय. परत पाठवावं लागेल.” मी मनात म्हटलं, झालं, सरकारी काम. पण तुम्ही फोन ठेवला नाहीत. किती गाभडल्या, कितव्या महिन्यात, वार अडकली का, लहानपणी लस टोचली होती का, असं एकेक विचारत गेलात. लसीचं का विचारता असं मी विचारलं, तर टोचलेल्या जनावराच्या रक्तातही आजाराशी लढणारी तीच द्रव्यं सापडू शकतात, मग अर्थ लावताना घोळ होतो, असं सांगितलंत. मग जरा थांबून म्हणालात, “घरात कुणाला ताप येतो का? जाऊन-येऊन, घाम फुटणारा?”

माझ्या हातातला कॅन खाली बसला. तुम्हाला कसं कळलं, असं मी विचारलंही. डॉक्टरांनी भरलेला फॉर्म नंतर मी पाहिला. त्यात गाईचं वय, जात, बिल्ला नंबर, वेत, सगळ्याला रकाना आहे. तापाला नाही. तो प्रश्न तुमचा तुम्हीच विचारला होतात.

पुढच्या वेळी मीच निघाले. नळ्या आधी तिरक्या ठेवून रक्त गोठू दिलं, मग डब्यात बर्फ, वर फडकं. स्वारगेटला उतरेपर्यंत डबा मांडीवरून हलवला नाही. तुम्ही मला काचेबाहेर उभं राहून बघू दिलंत, ते मी विसरणार नाही. पांढऱ्या प्लेटवर गौरीच्या रक्तातलं पाणी एक थेंब, त्याशेजारी गुलाबी औषधाचा एक थेंब. काडीनं दोन्ही मिसळले आणि प्लेट हळूहळू डोलवत राहिलात. चार मिनिटं. बाकीचे थेंब आपले गुळगुळीत गुलाबी. गौरीच्या थेंबात बारीक दाणे दिसायला लागले, मग गुठळ्या, आणि भोवती पाणी सुटलं. दूध नासलेलं मला लांबून ओळखू येतं, ताई. मी म्हटलं, “नासलं.” तुम्ही मास्कमधून हसलात आणि म्हणालात, “बरोबर ओळखलंत.” त्या गुलाबी थेंबात मारून रंगवलेले जंतू असतात, आणि रक्तात त्या जंतूंशी लढलेली द्रव्यं असली की ती त्यांना धरून गोळा करतात, एवढं मला समजलं. सातांपैकी गौरी, चंद्री आणि गाभण सोनी, तिघींचं नासलं. दुसऱ्या चाचणीतही तेच आलं. ब्रुसेल्लोसिस. पुस्तकात त्याला सांसर्गिक गर्भपात म्हणतात म्हणे. आमच्याकडे त्याला नावच नव्हतं. नुसतं ‘गाय गाभडली’.

तुम्ही एका कागदावर मराठीत मोठ्या अक्षरात ‘ब्रुसेला’ लिहून दिलंत आणि बजावलंत की माणसांच्या डॉक्टरांना हा कागद दाखवा, आणि तापाच्या आधी गोठ्याचं सांगा. तसंच केलं. मामांचं रक्त तपासलं, तेही पॉझिटिव्ह आलं. डॉक्सीसायक्लिन आणि रिफाम्पिसिन, सहा आठवडे, एक दिवस चुकवायचा नाही. दुसऱ्याच दिवशी मामा मोरीतून ओरडत बाहेर आले, लघवी नारिंगी झाली म्हणून. गोळीचाच रंग आहे हे पटवायला ह्यांना अर्धा तास लागला. तिसऱ्या आठवड्यात गोधडी कोरडी राहिली. कंबर मात्र अजून कुरकुरते.

चहा पिताना तुम्ही माल्टाची गोष्ट सांगितलीत. बेटावर ब्रिटिश सैनिक तापानं मरत होते आणि १८८७ साली डेव्हिड ब्रूस यांना त्यांच्या प्लीहेत हा जंतू सापडला. पण तो येतो कुठून हे कळायला १९०५ उजाडलं. झामिट नावाच्या तिथल्याच डॉक्टरांनी बकऱ्यांचं रक्त तपासलं, तुमच्यासारखंच, गोळा होतंय का ते बघून. बकऱ्या धडधाकट होत्या, दूध देत होत्या, आणि आजार त्या दुधातून जात होता. ब्रूस यांची बायकोही प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शकाला बसायची, हे तुम्ही जरा जोर देऊन सांगितलंत. मला त्यातलं ‘धडधाकट’ एवढंच लागलं. कारण गौरीही तशीच होती. खायची, रवंथ करायची, अंगाला तकाकी. एकदा गाभडली की पुढच्या खेपेला ती पूर्ण दिवसांचं वासरूही देऊ शकते, आणि तरीही दुधातून, वारीतून जंतू टाकत राहते, हे तुम्ही सांगितल्यावर मला माझी तीन वर्षांपूर्वीची खरेदी आठवली. गौरी आम्ही बाजारातून गाभण आणली होती. विकणाऱ्याला माहीत होतं की नाही, देव जाणे.

त्या आठवड्यात एक व्यापारी दारात आला. “तो औंधचा कागद फाडा, गाय मी नेतो,” म्हणाला. भाव बरा देत होता. खोटं कशाला सांगू, एक रात्र झोप लागली नाही. आपल्याकडे गाय कापायला देता येत नाही, औषधानं ती बरी होईल याचा भरवसा नाही, आणि विकायची म्हणजे आपल्या गोठ्यातला आजार दुसऱ्याच्या दावणीला बांधायचा. तिथलाही कुणी म्हातारा बाही वर सारणारच. सकाळी मामाच म्हणाले, “मला झाला तेवढा पुरे.” दोघींना आटवलं, सोनीसकट तिघींना बांधाकडच्या छपरात वेगळं बांधलं. वैरण फुकट जाते, हे ह्यांचं रोजचं पालुपद आहे आणि ते खोटंही नाही. अशा जनावराची भरपाई शेतकऱ्याला मिळाली तर कागद फाडायचा मोह कमी होईल, हे तुम्हाला लिहून उपयोग नाही, तरी लिहिते.

एक कबुलीही द्यायची आहे. २०१९ पासून सरकार चार ते आठ महिन्यांच्या कालवडींना या आजाराची लस फुकट टोचतं. आमच्या वस्तीवर माणसं आली त्या दिवशी आम्ही कालवडी ओढ्यापलीकडे नेऊन बांधल्या होत्या. टोचलं की वाढ खुंटते, असं कुणीतरी सांगितलं होतं. आयुष्यात एकदाच टोचायची लस! यंदा डॉक्टरांनी हातमोजे आणि चष्मा घालून टोचली. त्यातला जंतू जिवंत असतो, सुई चुकून आपल्याला लागली तर आपल्यालाच औषध घ्यावं लागेल, असं म्हणाले. शेजारच्या दोन घरांनी परत कालवडी लपवल्या, तेव्हा मी जाऊन भांडले. एका घरानं ऐकलं.

तुम्ही सहज म्हणून गेलात की प्रयोगशाळेत काम करणाऱ्यांना हा आजार जडण्याचा धोका असतो, आणि तुमच्यापैकी कुणाला ताप आला तर आपण काय तपासतो ते डॉक्टरला पहिल्यांदा सांगायचं, असा तुमचा नियम आहे. मास्क काढून चहा पिताना तुम्ही हे साखर कमी आहे म्हणावं तसं म्हणालात. घरी येईपर्यंत मला तेच आठवत होतं.

सोनी माघात व्याली, पूर्ण दिवसांनी. हातमोजे खांद्यापर्यंतचे होते. वार हाताला लागू दिली नाही, कमरेइतक्या खड्ड्यात चुना टाकून पुरली, कुत्रा बांधून ठेवला होता. मामा लांब खाटेवर बसून सूचना करत होते. ते आता धारोष्ण दूध पीत नाहीत, आणि यंदा पालखी तरडगावहून फलटणला निघाली तेव्हा वारकऱ्यांसाठीच्या दुधाच्या पातेल्यापाशी स्वतः उभे राहिले. उकळी आली तरी म्हणे, अजून एक येऊ दे.

सोनीला कालवड झाली. चिकातून आईच्या रक्तातलं उतरतं म्हणून लगेच तपासू नका, काही महिने जाऊ द्या, पण लस टोचण्याआधी रक्त घ्या, असं तुम्ही सांगितलं होतंत. ती आता साडेचार महिन्यांची झाली. डॉक्टर सोमवारी रक्त काढणार आहेत, मंगळवारच्या पहिल्या गाडीनं मी निघते. डबा माझ्याच मांडीवर असेल. थेंब नासतो की नाही, ते काचेबाहेरून बघू द्याल ना?

तुमची,
फलटणची गोठेवाली